नेत्रतपासणीची आधुनिक साधने आणि आपली जबाबदारी

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त शीव येथे भरलेल्या सभेत केलेले भाषण)



ट्रस्टच्या पन्नास वर्षांच्या वाटचालीबद्दल बोलण्याचा मान आजवर अनेक विद्वान वक्त्यांना मिळाला आहे. माझ्यासारख्या कापडाच्या व्यापाऱ्याला या व्यासपीठावर उभे करण्यात कार्यकारिणीचा हेतू वेगळा आहे. सुवर्णमहोत्सवी निधीतून नेत्रतपासणीची आधुनिक डिजिटल साधने खरेदी करावीत, असा प्रस्ताव आपल्या तरुण कार्यकर्त्यांनी मांडला आहे. मी नेत्रशिबिराचे काम बरीच वर्षे पाहत आलो असल्याने त्या प्रस्तावावर चार शब्द बोलावेत, असे मला सांगण्यात आले. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे, डॉक्टर नाही. त्यामुळे जे वाचले, तज्ज्ञांना विचारून समजून घेतले आणि स्वतः अनुभवले, तेवढेच आपल्यापुढे ठेवणार आहे. काही न्यून राहिल्यास सभागृहातील डॉक्टर मंडळींनी ते मोठ्या मनाने दुरुस्त करावे.

आपला ट्रस्ट स्थापन झाला त्याच सुमारास, १९७६ साली, केंद्र सरकारने राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम सुरू केला. त्याच वर्षी डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी मदुराई येथे अवघ्या अकरा खाटांनिशी अरविंद नेत्र रुग्णालयाची स्थापना केली. गावोगावी, वस्तीवस्तीत शिबिरे भरवून रुग्णाला शोधून काढायचे, ही कल्पना त्या काळात देशभर रुजली. आपली शिबिरेही त्याच परंपरेतील. जुन्या कार्यकर्त्यांना आठवत असेल, शाळेच्या वर्गातील बाके बाजूला सारायची, भिंतीवर अक्षरांचा तक्ता टांगायचा, दोरीने अंतर मोजून खडूने जमिनीवर रेघ मारायची आणि त्या रेघेवर खुर्ची ठेवायची. जवळ एक टॉर्च आणि भिंगांची लाकडी पेटी, एवढीच सामग्री. शीव, धारावी, अँटॉप हिल, कोळीवाडा या भागांतील मंडळी सकाळपासून रांगा लावत. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर टाके घातलेले असत आणि महिनाभराने बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा मिळे. आज डोळ्यात कृत्रिम भिंग बसवतात आणि बहुतेक रुग्ण त्याच दिवशी घरी जातात. शिबिरात आता केवळ तपासणी होते व शस्त्रक्रिया रुग्णालयातच केली जाते. काळ बदलला, आणि तो चांगल्यासाठी बदलला, हे प्रथमच नमूद करावेसे वाटते.

आता त्या भिंतीवरच्या तक्त्याविषयी. तो आपण सर्वांनी पाहिला आहे, परंतु त्यामागील हिशेब मला अलीकडेच समजला. हर्मान स्नेलेन नावाच्या डच नेत्रतज्ज्ञांनी १८६२ साली हॉलंडमधील उट्रेख्त येथे तो प्रसिद्ध केला. त्यातील प्रत्येक ओळीतील अक्षराचा आकार गणिताने ठरवलेला आहे. ठरावीक अंतरावरून पाहिले असता अक्षराची उंची डोळ्याशी एका अंशाच्या बाराव्या भागाइतका कोन करते. सहा मीटरवरून वाचावयाच्या ओळीतील अक्षर म्हणूनच सुमारे पावणेनऊ मिलिमीटर उंचीचे असते, आणि सर्वांत वरचे मोठे अक्षर त्याच्या दहापट. आपण ‘सिक्स बाय सिक्स’ म्हणतो त्याचा अर्थ इतकाच की, निरोगी दृष्टीला जे सहा मीटरवरून दिसावयास हवे ते या माणसाला सहा मीटरवरून दिसते. ‘सिक्स बाय सिक्स्टी’ म्हणजे जे साठ मीटरवरून दिसावयास हवे, ते पाहण्यासाठी त्याला सहा मीटरपर्यंत जवळ यावे लागते.

हे वाचले तेव्हा मला आमच्या दुकानातील मीटरची पट्टी आठवली. आम्हा कापडवाल्यांची पट्टी ठरावीक मुदतीने वैधमापन खात्याकडून तपासून घ्यावी लागते आणि तिच्यावर शिक्का असतो. शिक्का नसलेल्या पट्टीने कापड मोजणे हा गुन्हा आहे. स्नेलेनचा तक्ता हीसुद्धा एक मोजपट्टीच आहे. अक्षराचा आकार, अंतर आणि उजेड या तीन गोष्टी बरोबर असतील तरच तिचे माप खरे. तेव्हा आधुनिक साधनांकडे पाहताना एक प्रश्न मी सतत विचारतो की, या पट्टीवर शिक्का कोणाचा?

तक्त्यानंतर आले ते यंत्र, ज्याला आपण सर्वसाधारणपणे ‘कॉम्प्युटरची तपासणी’ म्हणतो. दादरपासून शीवपर्यंत चष्म्याच्या प्रत्येक दुकानावर ‘कॉम्प्युटरद्वारे नेत्रतपासणी’ अशी पाटी दिसते. हनुवटी टेकवून आत पाहिले की लांबवर जाणारा रस्ता आणि त्याच्या टोकाशी रंगीत फुगा किंवा घर दिसते. चित्र क्षणभर धूसर होते, पुन्हा स्पष्ट होते आणि नंबर छापलेली चिठ्ठी बाहेर येते. या यंत्राचे नाव ऑटोरिफ्रॅक्टोमीटर. डोळ्याला न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश ते आत सोडते. पडद्यावरून परत येणाऱ्या प्रकाशावरून डोळ्याला कोणत्या भिंगाची गरज आहे याचा अंदाज ते बांधते. तो लांबचा फुगा केवळ करमणुकीसाठी नसतो. दूर पाहत असल्याचा भास निर्माण होऊन डोळ्याचे स्नायू सैल पडावेत, हा त्यामागील उद्देश.

येथेच एक मोठी अडचण आहे. लहान मुलांचे स्नायू सहजासहजी सैल पडत नाहीत. त्यामुळे यंत्र उणे नंबर प्रत्यक्षापेक्षा जास्त दाखवू शकते. डॉक्टर मुलांच्या डोळ्यांत थेंब घालून, स्नायू शिथिल करूनच नंबर काढतात तो याच कारणासाठी. मोठ्या माणसांच्या बाबतीतही यंत्राची चिठ्ठी हा आरंभ असतो, शेवट नव्हे. त्यानंतर भिंगे बदलून बदलून ‘आता चांगले दिसते की आधी चांगले दिसत होते?’ असे विचारणारा माणूस समोर असावाच लागतो. आपल्यापैकी अनेकजण मात्र चिठ्ठी हातात घेऊन सरळ फ्रेम निवडायला उभे राहतात. असो.

तिसरा टप्पा मोबाईल फोनचा. आज फोनवर दृष्टी तपासण्याची असंख्य ॲप उपलब्ध आहेत. सर्वच टाकाऊ आहेत असे नाही. लंडन स्कूल ऑफ हायजीन अँड ट्रॉपिकल मेडिसिन या संस्थेतील डॉ. अँड्र्यू बास्टॉरस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘पीक’ या नावाचे ॲप तयार केले. केनियातील नाकुरू भागात, घरोघरी जाऊन, नेहमीच्या तक्त्यांशी पडताळून त्याची पारख करण्यात आली आणि तिचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. फोनवरचे माप आणि तक्त्यावरचे माप बऱ्याच अंशी जुळले. त्याची रीत मला फार आवडली. पडद्यावर इंग्रजी ‘ई’ हे अक्षर निरनिराळ्या दिशांना वळवून दाखवले जाते. रुग्णाने त्याचे पाय ज्या दिशेला असतील त्या दिशेला हात करावयाचा. तपासणारा पडद्याकडे न पाहता रुग्णाने दाखवलेल्या दिशेने बोट फिरवतो. त्यामुळे उत्तर काय हे तपासणाऱ्यालाच ठाऊक नसते आणि त्याला नकळत मदत करता येत नाही. रुग्णाला अक्षरओळख असण्याचीही गरज नाही. आमच्या वेळी तक्त्याजवळ उभा राहणारा स्वयंसेवक ‘अहो, नीट बघा ना आजी, शेवटचे अक्षर काय?’ असे चुचकारून एखादी ओळ जास्त वाचून घेत असे, हे आज कबूल करावयास हरकत नाही.

परंतु कोणीही कोठूनही उतरवून घेतलेले ॲप म्हणजे शिक्का मारलेली पट्टी नव्हे. फोनचे पडदे लहान-मोठे असतात. अक्षराचा आकार पडद्याप्रमाणे बदलत असेल तर माप चुकलेच. काही ॲप बँकेचे कार्ड पडद्यावर ठेवून आकार जुळवून घ्यावयास सांगतात, ते त्यासाठीच, कारण त्या कार्डाची लांबी जगभर साडेपंच्याऐंशी मिलिमीटरच्या आसपास एकच असते. दुसरी बाब अंतराची. दोन मीटरवर फोन धरला तर सहा मीटरच्या ओळीतील अक्षर तीन मिलिमीटरहून किंचित लहान करावे लागते. हातभर अंतरावर धरला तर ते अर्ध्या मिलिमीटरहून थोडेच मोठे राहते आणि चांगल्या फोनचा पडदासुद्धा ते रेखीव दाखवू शकत नाही. शिवाय, ज्या मुलाला लांबचे दिसत नाही, त्याला हातातल्या फोनवरचे उत्तम दिसते. तो मुलगा घरी ‘पास’ होतो आणि वर्गात फळा वाचू शकत नाही. तिसरी बाब उजेडाची. बॅटरी वाचवण्यासाठी पडदा मंद केलेला असतो किंवा त्यावर वरच्या ट्यूबलाइटचा झोत चमकत असतो. कापडाचा रंग दुकानातील दिव्याखाली न ठरवता बाहेर उजेडात नेऊन पाहावा, हे आपल्या व्यवसायातील प्रत्येक नवशिक्याला पहिल्या आठवड्यात शिकवतात. डोळ्यांच्या बाबतीत मात्र आपण तेवढीही काळजी घेत नाही.

बंधू-भगिनींनो, येथवर मी सांगितले ते वाचून कळण्यासारखे होते. आता जे सांगणार आहे ते सांगताना मला थोडा संकोच वाटतो. परंतु ज्या प्रस्तावावर बोलावयाचे आहे, त्याच्याशी त्याचा थेट संबंध असल्याने सांगणे भाग आहे.

काही वर्षांपूर्वी एका रविवारी माझ्या नातवाने त्याच्या फोनवर माझी दृष्टी तपासली. ‘आजोबा, एक डोळा झाका, आता दुसरा झाका’ असे करत त्याने मला दोन्ही डोळ्यांनी शेवटची ओळ वाचावयास लावली आणि ‘आजोबांना सिक्स बाय सिक्स’ असे घरभर जाहीर केले. मलाही अभिमान वाटला. आमच्या सौ. बरेच दिवस मागे लागल्या होत्या की, चाळिशीचा चष्मा घेतल्यापासून डॉक्टरांना डोळे दाखवलेले नाहीत, एकदा दाखवून या. मी फोनकडे बोट दाखवून तो विषय संपवला. एक वर्ष गेले, दुसरे गेले. दर सहा महिन्यांनी मी तीच परीक्षा देत होतो आणि दर वेळी उत्तीर्ण होत होतो.

पुढे आपल्याच शिबिरात, दुपारी गर्दी ओसरल्यावर, तपासणीस आलेल्या डॉक्टर भगिनी म्हणाल्या, “काका, सगळ्यांचे डोळे तपासून घेता, तुमचे कधी तपासायचे?” मी हसून खुर्चीवर बसलो. त्यांनी डोळ्याचा दाब पाहिला, आतील नसेवर प्रकाश टाकून बराच वेळ पाहिले आणि शांतपणे मला रुग्णालयात येण्यास सांगितले. तेथे एका अर्धगोल यंत्रासमोर बसवण्यात आले. मध्यभागी एका बिंदूकडे पाहत राहावयाचे आणि आजूबाजूला कोठेही बारीक ठिणगी दिसली की हातातील बटण दाबावयाचे. हीसुद्धा संगणकाधारित तपासणीच, तिला पेरिमेट्री म्हणतात. छापून आलेल्या कागदावर माझ्या डाव्या डोळ्याच्या दृष्टिक्षेत्रात एका बाजूला मोठा काळा पट्टा होता. निदान काचबिंदूचे झाले.

मला काहीही जाणवले नव्हते. काचबिंदूचा नेहमीचा प्रकार वेदना देत नाही, डोळा लाल करत नाही. तो कडेची नजर खात येतो आणि मधली नजर शेवटपर्यंत शाबूत ठेवतो. तक्ता असो वा फोन, तो मधलीच नजर तपासतो. म्हणून मला ‘सिक्स बाय सिक्स’ मिळत राहिले आणि ते खोटेही नव्हते. शिवाय एका डोळ्याची उणीव दुसरा डोळा भरून काढतो, त्यामुळे व्यवहारात काही अडत नाही. जी नजर गेली ती परत येत नाही. रोज थेंब घालून उरलेली टिकवावयाची, एवढेच आता हातात आहे. डॉक्टरांनी घराण्याचा इतिहास विचारला, तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे माझे वडील उभे राहिले. शेवटची काही वर्षे त्यांना दिसत नव्हते. आम्ही सर्व जण त्याला म्हातारपणाचा मोतीबिंदू समजत आलो होतो. तो मोतीबिंदू होता की काचबिंदू, हे आता कळण्याचा मार्ग नाही. मात्र हा विकार रक्ताच्या नात्यात अधिक आढळतो, असे समजल्यावर आम्ही सर्व भावंडांनी तपासणी करून घेतली. धाकट्या बंधूंच्या डोळ्यांत त्याची सुरुवात आढळली आणि वेळेवर उपचार सुरू झाले. माझी दोन वर्षे वाया गेली, त्यांची वाचली.

यात मी फोनला दोष देत नाही. त्याने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर बरोबर दिले. प्रश्नच अपुरा होता. दृष्टी तपासणे आणि डोळा तपासणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे मला इतक्या शिबिरांची व्यवस्था पाहूनही समजले नव्हते. आजच्या भाषणातील एकच वाक्य घरी न्यावयाचे असेल तर ते हे न्यावे, अशी माझी विनंती आहे.

मग डोळा तपासणारी डिजिटल साधने आहेत की नाहीत? आहेत, आणि त्यांचे एक उत्तम उदाहरण आपल्या शेजारी घडले आहे. मधुमेहामुळे डोळ्याच्या पडद्यावरील बारीक रक्तवाहिन्या खराब होतात, त्यास डायबेटिक रेटिनोपथी म्हणतात. हाही सुरुवातीला मुका विकार आहे. वडाळ्याचे प्रसिद्ध नेत्रतज्ज्ञ डॉ. एस. नटराजन आणि त्यांचे सहकारी धारावीच्या वस्तीत या विकारावर काम करत आले. २०१८ साली त्यांनी मुंबई महानगरपालिकेच्या दवाखान्यांत येणाऱ्या दोनशेहून अधिक मधुमेही रुग्णांच्या पडद्याची छायाचित्रे फोनला जोडलेल्या कॅमेऱ्याने काढली. हा कॅमेरा बंगळुरूच्या रेमिडिओ या कंपनीने बनवलेला आहे. इंटरनेटशिवाय, त्या फोनमध्येच असलेल्या कृत्रिम बुद्धिमत्तेने प्रत्येक छायाचित्र पाहून ‘रुग्णालयात पाठवा’ किंवा ‘पाठवू नका’ असा निर्णय दिला आणि तो तज्ज्ञांच्या निर्णयाशी ताडून पाहण्यात आला. पाठवण्याची गरज असलेला एकही रुग्ण यंत्राच्या नजरेतून सुटला नाही. ज्यांना गरज नव्हती त्यांपैकी शंभरात सुमारे बारा जणांना मात्र त्याने विनाकारण पाठवा असे म्हटले. हे निष्कर्ष २०१९ साली ‘जामा ऑफ्थल्मॉलॉजी’ या अमेरिकन नियतकालिकात प्रसिद्ध झाले. गंभीर विकार असलेल्यांची संख्या त्यात मोठी नव्हती, म्हणून त्यावरून फार मोठे अनुमान काढू नये. तरीही पालिकेच्या साध्या दवाखान्यात, नेत्रतज्ज्ञ हजर नसताना, असे काम होऊ शकते हे सिद्ध झाले, ही लहान गोष्ट नाही.

नाण्याची दुसरी बाजूही पाहावी. गूगल कंपनीची अशाच प्रकारची प्रणाली थायलंडमधील दवाखान्यांत वापरून पाहण्यात आली. तिचा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. प्रयोगशाळेत उत्तम ठरलेल्या त्या प्रणालीने प्रत्यक्ष दवाखान्यातील सुमारे एकपंचमांश छायाचित्रे ‘अस्पष्ट’ म्हणून नाकारली, कारण खोलीत पुरेसा अंधार नसे किंवा परिचारिकांना घाई असे. नाकारलेल्या रुग्णाला पुन्हा दूरच्या रुग्णालयात जा असे सांगावे लागे, मग त्याचा डोळा निरोगी असला तरी. शाळेच्या वर्गात, खिडक्यांना पडदे नसताना भरणाऱ्या आपल्या शिबिरात याहून वेगळे काही घडेल, असे समजण्याचे कारण नाही.

आता प्रस्तावाकडे वळतो. त्याआधी शिबिरातील एक प्रसंग सांगितल्याशिवाय माझे म्हणणे पूर्ण होणार नाही. धारावीत शिवणकाम करणारे एक गृहस्थ आपल्या शिबिरात आले होते. त्यांना मधुमेह होता, आणि पडद्यावर रक्तस्रावाच्या खुणा आहेत असे डॉक्टरांनी सांगितले. आपण त्यांना रुग्णालयाच्या नावाची चिठ्ठी दिली, वहीत ‘तपासणी पूर्ण’ असे लिहिले आणि पुढच्या नंबरला हाक मारली. त्या वर्षीच्या अहवालात आपण तपासलेल्या रुग्णांची संख्या मोठ्या अक्षरांत छापली आणि सभेत टाळ्या झाल्या. तीन वर्षांनी तेच गृहस्थ पुन्हा आले, ते मुलाचा हात धरून. एका डोळ्याने काही दिसत नव्हते. रुग्णालयात का गेला नाहीत, असे मी काहीसे रागावूनच विचारले. त्यांनी हळू आवाजात सांगितले की, एक दिवस गेलो होतो, केसपेपर काढण्याच्या रांगेतच दुपार झाली. दुसऱ्या दिवशी जायचे तर मजुरी बुडते. सुईत दोरा ओवता येत होता, म्हणून वाटले की फार काही नसेल.

मंडळी, त्या दिवशी आपल्याकडे साध्या साधनांनीसुद्धा अचूक निदान झाले होते. कमी पडली ती तपासणी नव्हे. चिठ्ठी आणि रुग्णालय यांमधील जे अंतर होते, ते चालून जाण्यासाठी आपण त्यांच्या बरोबर कोणाला दिले नाही.

याच बाबतीत केनियातील आणखी एक अभ्यास मला फार बोलका वाटला. तेथील पन्नास शाळांतील वीस हजारांहून अधिक मुलांची दृष्टी शिक्षकांनी तपासली. निम्म्या शाळांत नेहमीचा तक्ता आणि कागदी चिठ्ठी, तर उरलेल्या शाळांत ‘पीक’ची फोनवरील व्यवस्था. या व्यवस्थेत मुलाला जग कसे धूसर दिसते त्याचे चित्र पालकांना दाखवले जाई आणि रुग्णालयात जाण्याची आठवण करून देणारे संदेश त्यांच्या फोनवर पाठवले जात. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार, कागदी चिठ्ठी मिळालेल्या मुलांपैकी शंभरात बावीस रुग्णालयात पोहोचली, तर दुसऱ्या गटातील शंभरात चोपन्न. आकडा दुपटीहून अधिक झाला तो अक्षरे फोनवर दाखवल्यामुळे नव्हे. पालकाला पटवून दिले आणि नंतर त्याला विसरू दिले नाही, म्हणून झाला. तरीही शंभरात शेहेचाळीस मुले पोहोचली नाहीत, हेही विसरता कामा नये.

म्हणून माझ्या अल्पमतीप्रमाणे विश्वस्त मंडळापुढे पुढील सूचना नम्रपणे ठेवतो.

पहिली, साधने जरूर घ्यावीत. प्रस्तावाला माझा पाठिंबा आहे. परंतु ज्या साधनाची पारख रुग्णांवर होऊन ती प्रसिद्ध झाली आहे तेच घ्यावे. विक्रेत्याची पुस्तिका हा शिक्का नव्हे. आणि ते कोणी, किती अंतरावरून, कोणत्या उजेडात वापरावयाचे याचे प्रशिक्षण नेत्रतज्ज्ञांकडून घेतल्याशिवाय त्याला हात लावू नये.

दुसरी, शिबिरात दृष्टीबरोबर डोळाही तपासला जावा. चाळिशी ओलांडलेल्यांच्या डोळ्याचा दाब आणि नस, मधुमेहींचा पडदा, या तपासण्या होणार नसतील तर ‘तुमचे डोळे चांगले आहेत’ हे वाक्य आपल्या एकाही कार्यकर्त्याने उच्चारू नये. ‘तुमची लांबची नजर चांगली आहे, परंतु डोळे डॉक्टरांना दाखवा’ असे म्हणावे. खोटा दिलासा किती महाग पडतो, हे मी आपणास सांगितलेच आहे.

तिसरी, साधनांवर जितकी रक्कम खर्च होईल, तितकीच रक्कम रुग्णाला रुग्णालयापर्यंत नेण्यासाठी बाजूला काढून ठेवावी. त्यातून जाण्या-येण्याचे भाडे द्यावे, बुडालेल्या मजुरीची काही भरपाई करावी, आणि बरोबर एक कार्यकर्ता द्यावा. लोकमान्य टिळक रुग्णालय आपल्या शीवमध्येच आहे. आपल्यापैकी निवृत्त झालेल्या दहा-बारा जणांनी आठवड्यातील एक सकाळ दिली तरी केसपेपरच्या रांगेत त्यांच्या वतीने उभे राहता येईल. यासाठी कोणत्याही यंत्राची आवश्यकता नाही. औषधदानाचे महत्त्व आपणास कोणी सांगावयास नको. औषधापर्यंत माणसाला पोहोचवणे हा त्याच दानाचा भाग समजावा.

चौथी, यापुढे वार्षिक अहवालात तपासलेल्यांची संख्या पहिल्या ओळीत छापू नये. किती जणांना पुढील उपचारांची गरज होती, त्यांपैकी किती पोहोचले, किती जणांना चष्मा प्रत्यक्ष मिळाला आणि किती राहिले, ते छापावे. व्यापारात नुसती विक्री लिहून ताळेबंद होत नाही, येणे बाकीही लिहावी लागते. आपल्या शिबिरांच्या वहीत ती बाजू पन्नास वर्षे कोरी आहे. ती माझ्या हाताखाली कोरी राहिली, याची जबाबदारी मी स्वीकारतो.

उपस्थित पालकांना आणि आजी-आजोबांना एक विनंती करून थांबतो. मुलांना शाळेत घालण्यापूर्वी त्यांचे डोळे एकदा तज्ज्ञाला दाखवा. एका डोळ्याचा नंबर जास्त असेल तर मूल तक्रार करत नाही. तो डोळा आळशी बनतो, आणि वय वाढले की उपचारांचा उपयोग कमी कमी होत जातो. ज्यांना मधुमेह आहे त्यांनी चांगले दिसत असले तरी वर्षातून एकदा पडदा तपासून घ्यावा. ज्यांच्या घरात कोणाला काचबिंदू झाला आहे, किंवा ज्यांच्या वाडवडिलांना ‘म्हातारपणी दिसेनासे झाले’ असे आपण ऐकत आलो आहोत, त्यांनी विलंब करू नये. नातवाच्या फोनवरची परीक्षा अवश्य द्यावी, त्याला आनंद होतो. परंतु त्यानंतर डॉक्टरांकडेही जावे.

त्या शिवणकाम करणाऱ्या गृहस्थांच्या दुसऱ्या डोळ्यावर लेसरचे उपचार झाले. त्यांना रुग्णालयात घेऊन जाण्याचे काम मी स्वतःकडे घेतले होते. ते अजूनही मशीनवर बसतात. गेल्या महिन्यात त्यांची तपासणीची तारीख होती आणि मलाही माझ्या दाबाची तपासणी करावयाची होती, म्हणून आम्ही दोघे एकाच बाकावर बसलो होतो. पुढची तारीख मी माझ्या वहीत लिहून घेतली आहे. सुवर्णमहोत्सवी वर्षात अशा तारखा लिहिणाऱ्या वह्या आपल्यापैकी आणखी काही जणांनी उघडाव्यात, एवढीच माझी अपेक्षा आहे.